उष्ण प्लाझ्म्याचे घटक आणि मराठी संज्ञांचा कल

पृथ्वीलगतच्या अवकाशात आढळणारा उष्ण प्लाझ्मा कशाचा बनलेला आहे, हा प्रश्न वरवर पाहता केवळ भौतिकीचा आहे, आणि भाषेच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालण्याचे कारण नाही असे कोणासही वाटेल. परंतु ह्या प्रश्नाच्या उत्तराचा इतिहास तपासला असता त्यात एका शब्दाने बजावलेली भूमिका दुर्लक्षिता येत नाही. १९६०च्या दशकात उपग्रहांवरील उपकरणे धनप्रभारित कण मोजीत होती आणि शोधनिबंधांतून त्या कणांस सरसकट 'प्रोटॉन' म्हटले जात होते. उपकरण कणाची ऊर्जा आणि प्रभार ह्यांचे गुणोत्तर तेवढे सांगत होते. कण हायड्रोजनचा की ऑक्सिजनचा, हे सांगण्याची त्याची शक्ती नव्हती. ती उणीव नावाने भरून काढली. सौरवाऱ्यात प्रोटॉन विपुल, पृथ्वीजवळचा उष्ण प्लाझ्मा सौरवाऱ्यातून आलेला, म्हणून मोजलेले कण प्रोटॉनच असले पाहिजेत, असे हे अनुमान होते. शब्द एकदा रूढ झाल्यावर अनुमानाची आठवणही कोणास राहिली नाही. मराठीने ह्या क्षेत्रासाठी घडविलेल्या आणि वृत्तपत्रांतून रुळलेल्या संज्ञांमध्ये हाच दोष निराळ्या वाटेने शिरलेला दिसतो.

विज्ञानाच्या परिभाषेची चिकित्सा हे साहित्य-भाषा विभागाचे काम नव्हे, हा आक्षेप निदान नाशिकात तरी टिकू नये. डिसेंबर २०२१ मध्ये येथे भरलेल्या ९४व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद जयंत नारळीकर ह्यांच्याकडे होते. प्रकृतीमुळे ते प्रत्यक्ष उपस्थित राहू शकले नाहीत. तथापि खगोलशास्त्रज्ञास साहित्याच्या पीठाचा अध्यक्ष निवडून मराठी समाजाने विज्ञानलेखन हे साहित्याच्या कक्षेत येते, असा निर्णय दिला असे समजण्यास हरकत नाही. जे साहित्याच्या कक्षेत आले ते समीक्षेच्याही कक्षेत येते. शिवाय मराठी माध्यमातून उच्च शिक्षण देणारे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून ह्याच गावी आहे. परिभाषेचा बरावाईट परिणाम कोणावर व्हावयाचा, हे शोधण्यास दूर जावे लागत नाही.

प्रथम वस्तूचा विचार केला पाहिजे. नावाचा विचार त्यानंतर. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राने व्यापलेल्या अवकाशात, जमिनीपासून काही पृथ्वीत्रिज्यांच्या अंतरावर, प्रभारित कणांचा अतिविरळ समुदाय असतो. त्यातील उष्ण भागाचे कण काही किलोइलेक्ट्रॉन व्होल्टांपासून काहीशे किलोइलेक्ट्रॉन व्होल्टांपर्यंत ऊर्जेचे असतात. एक इलेक्ट्रॉन व्होल्ट म्हणजे सुमारे ११,६०० केल्व्हिन, ह्या हिशेबाने दहा किलोइलेक्ट्रॉन व्होल्टांचे तापमान अकरा कोटी केल्व्हिनांच्या वर जाते. ह्या आकड्याने वाचक दचकतो, पण घनता लक्षात घेतली म्हणजे दचकण्याचे कारण उरत नाही. समुद्रसपाटीवरील हवेच्या एका घनसेंटिमीटरात २५ वर अठरा शून्ये इतके रेणू असतात. ह्या प्लाझ्म्यात त्याच जागेत एखादा कण असतो, कित्येकदा तोही नसतो. येथे 'उष्ण' हे विशेषण कणांच्या वेगाचे आहे, स्पर्शाचे नव्हे. भट्टी, रसरशीत, होरपळ असे शब्द योजून हा विषय रंगविणारे लेखन ह्या पहिल्याच पायरीवर घसरते.

आता घटक. सौरवाऱ्यात सुमारे ९५ टक्के प्रोटॉन, चार टक्क्यांच्या आसपास द्विप्रभारित हीलियम, आणि उरलेल्या अल्प भागात कार्बन, ऑक्सिजन इत्यादी जड मूलद्रव्ये असतात. ही जड मूलद्रव्ये सूर्याच्या प्रभामंडलातील प्रचंड तापमानातून आलेली असल्यामुळे त्यांचे पुष्कळ इलेक्ट्रॉन गळून गेलेले असतात. सौर ऑक्सिजनचा अणू सहा किंवा सात इलेक्ट्रॉन गमावून येतो. उलटपक्षी पृथ्वीच्या आयनांबरातील ऑक्सिजन अणूने बहुधा एकच इलेक्ट्रॉन गमावलेला असतो. म्हणजे मूलद्रव्य एकच, पण त्याच्या अंगावरील प्रभारावरून त्याचे मूळ गाव ओळखता येते. भाषेच्या अभ्यासकास ही पद्धती परिचयाची वाटेल. एखाद्या माणसाच्या तोंडून 'ळ'च्या जागी 'य' आला की तो खानदेशाकडचा असावा असा तर्क आपण करतो. एकप्रभारित ऑक्सिजन आणि एकप्रभारित हीलियम पृथ्वीकडचे. द्विप्रभारित हीलियम आणि बहुप्रभारित ऑक्सिजन सूर्याकडचे. हायड्रोजनच्या बाबतीत मात्र ही कसोटी हात टेकते. त्याला गमावण्यास इलेक्ट्रॉनच एक. सूर्यावरचा असो वा पृथ्वीवरचा, तो प्रोटॉनच. दोन भाषांत समान असलेल्या शब्दाची व्युत्पत्ती केवळ रूपावरून ठरविता येत नाही, तशीच ही अडचण आहे. आणि नेमका हाच कण सर्वांत विपुल असल्यामुळे मूळ स्थानाचा प्रश्न दीर्घकाळ प्रश्न म्हणून उभाच राहिला नाही.

त्याला तोंड फुटले १९७२ मध्ये. शेली, जॉन्सन आणि शार्प ह्या तीन संशोधकांनी डिसेंबर १९७१ मधील भूचुंबकीय वादळाच्या वेळी कमी उंचीवरील ध्रुवीय कक्षेतल्या उपग्रहाने टिपलेले निरीक्षण प्रसिद्ध केले. त्या उपग्रहावरील उपकरण वस्तुमानानुसार कण वेगळे करू शकत होते, आणि किलोइलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेच्या कणांत त्यास एकप्रभारित ऑक्सिजन आढळला. काही वेळा तर तो प्रोटॉनांहूनही अधिक. ही गोष्ट तत्कालीन समजुतीत बसणारी नव्हती. पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणातून सुटण्यास ऑक्सिजनच्या अणूला सुमारे दहा इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात, आणि आयनांबरातील कणाजवळ त्याचा अल्पसा अंशच असतो. हायड्रोजनसारखे हलके आयन ध्रुवीय प्रदेशांतून वर निसटत असावेत हे त्यापूर्वीच सुचविले गेले होते. ॲक्सफर्ड ह्यांनी १९६८ मध्ये त्या प्रवाहास 'ध्रुवीय वारा' असे नाव दिले. ऑक्सिजन मात्र जड म्हणून जागीच राहील, अशी धारणा होती. पुढील निरीक्षणांनी दाखविले की ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्यात आणि त्याच्या परिसरात विद्युत्-क्षेत्रे व तरंग ह्या आयनांना पायरीपायरीने ऊर्जा देऊन वर ढकलतात. १९८७ मध्ये चॅपेल, मूर आणि वेट ह्यांनी तर आयनांबर हा एकटाच स्रोत चुंबकावरणातील सर्व प्लाझ्म्यास पुरेसा आहे असा हिशेब मांडला. तो दावा जसाच्या तसा स्वीकारण्याचे कारण नाही, आणि पुढे तो तसा स्वीकारलाही गेला नाही. परंतु त्याने प्रश्नाचे तोंड फिरविले हे खरे. मार्च १९९१ मधील मोठ्या वादळात पृथ्वीभोवतीच्या वलयप्रवाहातील ऊर्जेचा अर्ध्याहून अधिक वाटा ऑक्सिजनचा होता, असे १९९० मध्ये सोडलेल्या एका उपग्रहाच्या निरीक्षणांवरून दिसले. शांत काळात हाच वाटा अल्प असतो. सारांश, क्षोभ जितका मोठा तितका त्यातला पृथ्वीचा स्वतःचा अंश अधिक. वस्तुस्थितीचे हे एक अंग मराठी संज्ञांतून जवळजवळ पुसले गेले आहे.

'आयनद्रायू' हा मराठी विश्वकोशाने वापरलेला शब्द घ्यावा. त्याची पुष्कळ थट्टा होते, आणि ती काहीशी अन्यायाची आहे. 'द्रव' आणि 'वायू' ह्यांच्या सांध्यातून 'द्रायू' घडविणे हे मराठीत विरळा दिसणारे धाडस होय. द्रव आणि वायू ह्या दोहोंस कवेत घेणारी संज्ञा भाषेस हवी होती, ती ह्या शब्दाने दिली, आणि 'द्रायुयामिकी' हा त्याचा संसारही चालला. पूर्वपदाविषयी तर एक कौतुकाची गोष्ट सांगता येते. 'आयन' हा १८३४ मध्ये फॅरडे ह्यांनी वापरात आणलेला ग्रीक शब्द. त्याचा अर्थ 'जाणारा'. ज्या मूळ धातूपासून तो निघाला त्याच धातूचे संस्कृत रूप 'इ', आणि त्यापासून झालेला शब्द 'अयन'. म्हणजे उत्तरायणातील अयन आणि आयनद्रायूतील आयन ही दूरची भावंडेच ठरतात. परंतु शब्दाचे कुळ चांगले असणे आणि तो वस्तूस लागू पडणे ह्या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. प्लाझ्म्यात आयनांइतकाच इलेक्ट्रॉनांचाही अंश असतो; 'आयनद्रायू' त्यातील एकाच बाजूचे नाव घेतो. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. पृथ्वीलगतचा उष्ण प्लाझ्मा इतका विरळ आहे की त्यातील प्रभारित कणांची परस्परांशी टक्कर जवळजवळ होतच नाही. चुंबकीय क्षेत्रात ह्या कणांचे आयन पश्चिमेकडे आणि इलेक्ट्रॉन पूर्वेकडे वाहत जातात, आणि वलयप्रवाह निर्माण होतो तो मुख्यतः ह्याच विरुद्ध वाहण्यामुळे. एकत्र वाहणे हा ज्याचा धर्म तो द्रायू. येथे तर घटक उलट दिशांना पांगतात, आणि त्या पांगण्यातच सगळे मर्म आहे. ज्या विषयात घटक कोणते हाच प्रश्न आहे, त्या विषयाचे नाव घटकांना एकजीव करणारे असावे, हे सोयीचे नाही.

त्यापेक्षा 'प्लाझ्मा' हा उसना शब्द बरा. लँगम्यूर ह्यांनी १९२८ मध्ये तो इंग्रजीत योजला तेव्हाही तो रक्तविज्ञानातून आलेला पाहुणाच होता. २०२० च्या साथीत प्लाझ्मादानाच्या निमित्ताने तो मराठी घराघरात पोहोचला, तोही रक्ताच्याच अर्थाने; हा घोटाळा संदर्भाने निवारता येतो. व्याकरणाच्या दृष्टीने एक बारकावा नोंदविण्यासारखा आहे. 'कॅमेरा'चे 'कॅमेऱ्याने' झाले, 'सोडा'चे 'सोड्याचा' झाले, तसे 'प्लाझ्मा'चे 'प्लाझ्म्याचे' होण्यास मराठीची आडकाठी नाही; तरी बहुतेक लेखक 'प्लाझ्माचे' लिहितात. सामान्यरूप नाकारले जात आहे तोवर तो शब्द ओसरीवरच आहे असे समजावे. प्रस्तुत लेखात त्याला घरात घेतले आहे.

'भार' ह्या शब्दाने केलेली अडचण तर रोजच्या वापरातील आहे. जुन्या मराठी परिभाषेत विद्युत्‌भारही भार आणि अणुभारही भार. इतरत्र हे खपते. येथे खपत नाही, कारण आयन ओळखण्याचे साधन वस्तुमान आणि प्रभार ह्यांचे गुणोत्तर हेच आहे. प्रोटॉनचे ते एक, द्विप्रभारित हीलियमचे दोन, एकप्रभारित हीलियमचे चार, एकप्रभारित ऑक्सिजनचे सोळा. जुन्या शब्दांत हेच लिहावयाचे झाले तर 'भाराला भाराने भागावे' असे लिहावे लागेल. पाठ्यपुस्तकांनी अलीकडे 'प्रभार' आणि 'वस्तुमान' हे शब्द वेगळे केले ते योग्यच झाले. नवे म्हणून त्यांना नाक मुरडणारांनी हे एक गुणोत्तर जुन्या शब्दांत लिहून पाहावे.

'आयनांबर' आणि 'चुंबकावरण' ह्या जोडीविषयी थोडक्यात सांगावयाचे तर पहिला शब्द दुसऱ्याहून सरस आहे. अंबर म्हणजे आकाश आणि अंबर म्हणजे वस्त्रही. वस्त्राला विण असते, विणीतून हवा खेळते. 'आवरण' म्हटले की मात्र बंद कवच डोळ्यांपुढे येते, आणि कवचाच्या आतला माल एकतर आतला किंवा बाहेरचा असा प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात ह्या प्रदेशास बाहेरून सौरवारा झिरपतो आणि खालून आयनांबर झिरपते. त्याच साच्यातील 'चुंबकांबर' स्वीकारल्यास काही बिघडणार नाही.

खरा झगडा 'सौर वादळ' ह्या शब्दाशी आहे. १० आणि ११ मे २०२४ रोजी पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र गेल्या दोन दशकांत झाले नव्हते इतके विचलित झाले. क्षोभाचा निर्देशांक उणे चारशे नॅनोटेस्लांच्या खाली गेला. लडाखमधील हानले येथून आकाशात तांबडा प्रकाश टिपला गेला. मराठी वृत्तलेखनाने ह्या सर्वास 'सौर वादळ' म्हटले, आणि ते वादळ पृथ्वीवर येऊन आदळल्याचे सांगितले. ह्या एका नावाखाली सूर्यावरचा उद्रेक, वाटेतला मेघ आणि पृथ्वीजवळचा परिणाम ह्या तीन निरनिराळ्या घटना दडपल्या गेल्या. हानलेच्या आकाशातील तांबडा रंग हा पृथ्वीच्याच वातावरणातील ऑक्सिजन अणूंनी दिलेला होता, ही साधी गोष्टही त्या नावापुढे सांगावयाची राहून गेली. येथे ऐतिहासिक दाखला उपयोगी पडतो. 'चुंबकीय वादळ' ही संज्ञा हुंबोल्ट ह्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी वापरली तेव्हा तिच्यात सूर्य नव्हता. होकायंत्राची सुई अस्वस्थ होते, एवढेच त्यांस सांगावयाचे होते. म्हणजे 'सौर' हे विशेषण मागाहून चिकटले, आणि ते जिथे नको तिथे चिकटले.

ह्यावर एक सयुक्तिक आक्षेप येईल. कण पृथ्वीचे असोत, त्यांना वर खेचणारी आणि तापविणारी ऊर्जा अखेर सौरवाऱ्यातूनच येते. मग वादळास सौर म्हटले तर काय चुकले? आक्षेपात तथ्य आहे. सौरवाऱ्याचा जोर आणि त्याच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा अनुकूल नसेल तर ऑक्सिजन आपल्या जागी स्वस्थ राहील. परंतु ऊर्जेचा धनी आणि द्रव्याचा धनी वेगळा असू शकतो, हेच तर ह्या विषयातील शिकण्यासारखे आहे. शिवाय ऑक्सिजन हा येथे निमूट प्रवासी नाही. तो प्रोटॉनच्या सोळापट जड असल्यामुळे त्याच्या आगमनाने प्लाझ्म्याची जडता बदलते, तरंगांचा वेग बदलतो. वादळ ओसरू लागले म्हणजे उष्ण आयन पृथ्वीभोवतीच्या विरळ हायड्रोजनकडून इलेक्ट्रॉन घेऊन उदासीन होतात आणि निसटतात. हे किती झपाट्याने घडेल ते आयन कोणता आणि किती ऊर्जेचा ह्यावर अवलंबून असते. द्रव्य विसरले तर ओसरण्याचा हिशेब जुळत नाही.

कुसुमाग्रजांच्या 'विशाखा'त (१९४२) पृथ्वी सूर्याला उद्देशून बोलते. नाशिकच्या कवीला तिला वाचा देता आली. परिभाषाकारांनी मात्र तिला केवळ आघात सोसणारी ठेवले. आदित्य एल-१ हे भारतीय यान २ सप्टेंबर २०२३ रोजी निघाले आणि ६ जानेवारी २०२४ रोजी पृथ्वीपासून सुमारे पंधरा लाख किलोमीटरवरील आपल्या कक्षेत स्थिरावले. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेने घडविलेले त्यावरील उपकरण सौरवाऱ्यातील प्रोटॉन आणि हीलियम वेगळे मोजते. हे काम मोलाचे आहे. पण त्यामुळे मराठी वाचकाचे तोंड पुन्हा सूर्याकडेच वळले आहे. येणाऱ्याची मोजदाद तेथे होते. पृथ्वीजवळ आधीपासून काय आहे, ह्याविषयी ते यान तेथून काही सांगू शकत नाही.

महाराष्ट्रापुरता विचार करता, ह्या विषयाचा सर्वांत जुना आणि सर्वांत समृद्ध पुरावा कुलाबा वेधशाळेचा आहे. तेथे १८४१ पासून चुंबकीय निरीक्षणे होत होती. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून १९०४ मध्ये हे काम अलिबागेस हलविले; वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस ह्यांनी १८४६ ते १९०५ ह्या काळातील निरीक्षणे विवेचनासह १९१० मध्ये प्रसिद्ध केली. सप्टेंबर १८५९ च्या आरंभीच्या महाक्षोभात कुलाब्याच्या उपकरणाने क्षैतिज घटकात सुमारे १६०० नॅनोटेस्लांची घट नोंदविली होती. सुरुतानी, गोन्झालेझ, तसेच भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे लाखिना आणि ॲलेक्स ह्यांच्या २००३ मधील निबंधाने ती नोंद जगापुढे पुन्हा आणली. ही घट सर्वस्वी वलयप्रवाहाची की आयनांबरातील व ध्रुवीय प्रदेशाशी जोडलेल्या प्रवाहांचाही तीत वाटा होता, ह्यावर मतभेद आहेत, आणि घट ज्या वेगाने भरून आली तो पाहता दुसरा पक्ष हलक्याने बाजूस सारता येत नाही.

मात्र ह्या वादात मराठी लेखनाने एक गोष्ट विसरू नये. वलयप्रवाहामुळे जमिनीवर होणारी घट त्यातील कणांच्या एकूण ऊर्जेच्या प्रमाणात असते, हे डेस्लर व पार्कर ह्यांनी १९५९ मध्ये दाखविले, आणि स्कॉप्के ह्यांनी १९६६ मध्ये ते व्यापक रूपात मांडले. त्या सूत्रात कणाच्या जातीला जागा नाही. कुलाब्याची सुई एकूण बेरीज सांगते. बेरजेतील आकडे सांगत नाही. त्यामुळे १८५९ च्या क्षोभाचे वर्णन करताना 'सूर्याकडून आलेल्या कणांनी' असे वाक्य लिहिले जाते तेव्हा नोंदीत नसलेली गोष्ट नोंदीच्या नावावर घातली जाते. १९६० च्या दशकातील 'प्रोटॉन'ची चूक ती हीच.

परिभाषाकारांपुढे ठेवण्याजोग्या सूचना थोड्याच आहेत. सूर्यावर घडते त्यास 'सौर उद्रेक' म्हणावे. पृथ्वीजवळ घडते त्यास 'भूचुंबकीय वादळ' किंवा, अधिक बरे, 'भूचुंबकीय क्षोभ' म्हणावे. क्षोभ हा ज्याचा त्याचा असतो, बाहेरच्याने तो केवळ चाळविलेला असतो. 'ध्रुवीय वारा' ही संज्ञा 'सौरवाऱ्या'च्या शेजारी कोशात यावी, म्हणजे वारा दोन्हीकडून वाहतो हे कोश उघडणारास दिसेल. आणि उपकरणाने जेथे जात ओळखलेली नाही तेथे 'प्रोटॉन' न लिहिता 'आयन' लिहावे. १८५९ च्या बाबतीत तर तेवढेही लिहिता येत नाही. तेथे क्षैतिज घटकातील घट, तिची वेळ आणि ती भरून येण्यास लागलेला अवधी, एवढेच कुलाब्याच्या वहीत आहे.